वाद व्हावा, वितंडा नको

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘धर्मश्रद्धा आणि समलैंगिकता : चर्चेची मर्यादा’ हा विषय संयोजकांनी मला कळविला आणि दोनच दिवसांनी त्यांच्यातील एका ज्येष्ठांचा दूरध्वनी आला. ‘व्याख्यानाला कुटुंबे येतात, लेकीसुना असतात. विषय बदलावा का?’ मी म्हटले, कुटुंबे येतात म्हणूनच तो राहू द्या. ते हसले आणि विषय राहिला.

एका आख्यायिकेपासून आरंभ करतो. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एक संन्यासमार्गाचे प्रवक्ते, दुसरे कर्मकांडाचे कट्टर पुरस्कर्ते. निर्णय देण्यासाठी बसल्या त्या मंडनमिश्रांच्या पत्नी, उभयभारती. प्रतिपक्षाची पत्नी न्यायासनावर बसते आणि आचार्यांना त्यात वावगे काही वाटत नाही, येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. भारतीने दोघांच्या गळ्यांत माळा घातल्या. ज्याची माळ कोमेजेल तो हरला. जाणत्यांनी याचा अर्थ असा लावला आहे की, युक्तिवाद संपला की क्रोध येतो, क्रोधाने अंग तापते आणि फुले सुकतात.

पण कथेचा पुढचा भाग आपण सहसा घाईने सांगतो. मंडनमिश्र हरल्यावर भारती स्वतः वादाला उभी राहिली आणि तिने आचार्यांना कामशास्त्रावर प्रश्न विचारले. बालब्रह्मचारी संन्याशाला, भरसभेत! ‘असले प्रश्न विचारणे हाच अधर्म,’ असे आचार्य म्हणू शकले असते आणि सभेने माना डोलावल्या असत्या. त्यांनी एक महिन्याची मुदत मागितली. ही कथा मी इतिहास म्हणून सांगत नाही. परंतु ज्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या आवडीने सांगितली, त्याची सभ्य वादाची कल्पना काय होती, हे तीतून कळते. ज्या विषयाची माहिती नाही त्यावर मत देण्याऐवजी मुदत मागणारा वक्ता आज मला एखाद्या तरी सभेत दाखवा!

गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी, छलाचा आधार घेऊन चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करीत राहणे, ही वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात कसे बोलावे, हे सांगितले आहे. स्नेहभावाने होणाऱ्या संभाषेत निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, हरण्याचे भय बाळगू नये, समोरचा हरला तर हर्ष मानू नये आणि इतरांपुढे त्याची बढाई मारू नये. वैद्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटले असेल, याचे कारण मला असे वाटते की, दोन वैद्य भांडतात तेव्हा मध्ये रोगी पडलेला असतो. आपल्या आजच्या विषयात कोणी रोगी नाही; परंतु मध्ये माणूस असतोच. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता आपल्याकडील चर्चा पाहा. एक जण म्हणतो, ‘हे सारे खूळ पश्चिमेकडून आले.’ दुसरा म्हणतो, ‘कलम ३७७ हेच मुळी परकीय, मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० च्या दंडसंहितेत आलेले, आपली परंपरा मोकळी होती.’ दोघेही ग्रंथांकडे धाव घेतात आणि दोघेही सोयीचे पान उघडतात. कामसूत्रात तृतीया प्रकृतीची चर्चा आहे, हे खरे. मनुस्मृतीत पुरुषांमधील अशा संबंधाला सचैल स्नानाचे प्रायश्चित्त आहे, हेही खरे. आणि त्याच स्मृतीत कन्येला दूषित करणाऱ्या स्त्रीला बोटे छाटण्यापर्यंतची शिक्षा सांगितली आहे, हेही तितकेच खरे. परंपरा येथे एका सुरात बोलत नाही. ती एका सुरात बोलते असे जो ठासून सांगतो, त्याने अर्धा ग्रंथ मिटून ठेवलेला असतो.

न्यायालयांतही हा प्रश्न सरळ रेषेत गेलेला नाही. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने पुन्हा ते संबंध गुन्हा नसल्याचे ठरविले. दिल्लीच्या निर्णयाविरुद्ध जी अपिले झाली, त्यांत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, ख्रिस्ती संस्था होत्या आणि हिंदू अर्जदारही होते. एरवी ज्यांचे एकाही प्रश्नावर जमत नाही ती मंडळी एका बाकावर बसलेली पाहून मला गंमत वाटली होती. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही आणि तो विषय कायदेमंडळाकडे सोपविला. म्हणजे गुन्हा नाही, हे ठरले. विवाहाविषयीचा वाद उरला.

त्याच वर्षीच्या जानेवारीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी ‘ऑर्गनायझर’ आणि ‘पाञ्चजन्य’ यांना दिलेल्या मुलाखतीत, अशी माणसे पूर्वापार आहेत, त्यांनाही खाजगी व सामाजिक अवकाश मिळाला पाहिजे, असे सांगितले. मार्चमध्ये सरकार्यवाह दत्तात्रेयजी होसबाळे यांनी विवाह हा संस्कार असून तो स्त्री आणि पुरुषाचाच होतो, असे सांगितले. कोणाला ही भूमिका अपुरी वाटेल, कोणाला अति. मला खटकते ते वेगळेच आहे. दोन्ही विधाने एकत्र ऐकलेला कार्यकर्ता मला क्वचितच भेटतो. प्रत्येकाने आपल्याला हवे ते एक वाक्य पाठ केले आहे.

ज्याला विवाह हा स्त्री-पुरुषांचा संस्कार वाटतो, त्याला ‘द्वेष्टा’, ‘मध्ययुगीन’ म्हणून उडवून लावणे ही वितंडाच होय. देवपूजा करणाऱ्या आजीला नातवाचे बोलणे ऐकून काही सुचेनासे होते, तो द्वेष नसतो. तिला मुदत मागण्याचा अधिकार आहे. आचार्यांनीही ती मागितली होती. परंतु दोन्ही पारडी सारखीच जड आहेत, असे म्हणून मी स्वतःची सुटका करून घेणार नाही. एका बाजूचे मत दुखावते, तर दुसऱ्या बाजूच्या माणसाला घरातच जागा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही, असे जाहीर केले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तरी आपल्या बैठकीत कोणी तरी सहज म्हणतो, ‘एखाद्या चांगल्या डॉक्टरांना दाखवा.’ हे अज्ञान आहे, आणि ते सभ्य स्वरात उच्चारले म्हणून सभ्य होत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. कर्व्यांना दंड झाला. त्यांची धर्मविषयक मते आपल्यापैकी अनेकांना मान्य होणार नाहीत. त्यांची लेखणी तिखट होती आणि श्रद्धावंतांना ती बोचत असे. तरी मला त्या वाचकांचे कुतूहल वाटते. घरात, देवळात, शाळेत कोठेही विचारता येत नाही असा प्रश्न त्यांनी पत्रात लिहिला, टपालात टाकला. दंड संपादकाला झाला. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय झाले असेल?

आता शेवटचे, आणि हे मी संबंधिताच्या संमतीने सांगत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये, निकालाच्याच आठवड्यात, माझ्या बहिणीकडे सत्यनारायण होता. पंगतीत निकालाचा विषय निघाला. मी विनोदी बोलतो अशी माझी ख्याती आहे. मी या मंडळींच्या चालण्या-बोलण्याची नक्कल केली. पंगत हसली. माझा भाचा जिलेबी वाढत होता. त्याने ताट खाली ठेवले आणि तो आत गेला. त्यानंतर मी त्यांच्याकडे जाई तेव्हा तो घरी नसे; अभ्यास असे, मित्र असत, पुढे नोकरी असे. मला कधी शंकाही आली नाही.

२०१८ च्या निकालानंतर त्याचे दोन पानी पत्र आले. त्यातील एवढेच सांगतो : ‘मामा, तुमचे मत मला ठाऊक होते. त्याचे दुःख नव्हते. त्या दिवशी तुम्ही नक्कल केलीत आणि आई हसली, ते मला विसरता येत नाही.’

उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले. नक्कल केल्याबद्दल क्षमा मागितली. विवाहाविषयीचे माझे मत त्याच्या पत्रामुळे बदललेले नाही, हेही लिहिले. ते लपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्याने माझे पत्र मुद्द्यांगणिक खोडून काढले. मी पुन्हा लिहिले. गेल्या दिवाळीत तो घरी आला आणि आम्ही दोन तास समोरासमोर बसून वाद घातला. त्याने मला जिंकले नाही, मीही त्याला जिंकले नाही. संस्कार आणि करार यांतील भेदाविषयीचा त्याचा एक मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. माझी बहीण सारा वेळ दारात उभी होती. इतकी वर्षे तिने हा विषय घरात निघू दिला नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘दोघेही आधी पानावर बसा. राहिलेले जेवताना बोला.’

आपले प्रश्न आता घेतो. ज्यांना माझे म्हणणे पटले नाही, त्यांना संयोजकांनी ध्वनिक्षेपक आधी द्यावा.