वंशावळीतील रिकाम्या चौकटी
(महाजन मंडळींपुढे केलेल्या भाषणाची संहिता)



देवळाच्या दप्तरात महाजनांची नोंदवही असते, आणि घरोघरी एखाद्या पेटीच्या तळाशी वंशावळीचा जीर्ण कागद असतो. नोंदवहीच्या पाठीशी १९३३ च्या देवस्थान नियमावलीचे बळ आहे. पेटीतील कागदाच्या पाठीशी केवळ आजोबा-पणजोबांच्या हस्ताक्षराचे. तथापि या दोहोंत एक साम्य आढळते. बहुतेक देवस्थानांत महाजनकी पुरुषपरंपरेने चालत आल्यामुळे बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप अशी शिडी सरळ मूळ पुरुषापर्यंत चढत जाते. नोंदवहीला हे साजते, कारण तिचे कार्यच तेवढे. परंतु घरातील कागदानेही नोंदवहीचेच अनुकरण केले, आणि घरात ज्या माणसांमुळे वंश चालला त्यांपैकी निम्मी माणसे कागदाबाहेर राहिली.

अलीकडे या कामासाठी संगणक साहाय्यास आला आहे. वंशवृक्ष तयार करणाऱ्या अनेक प्रणाली आज उपलब्ध आहेत. काही विकत मिळतात, काहींची वर्गणी वर्षावर्षाला भरावी लागते, आणि काही मुक्त आहेत. या शेवटच्या वर्गातील ‘ग्रॅम्प्स’ नावाची प्रणाली विशेष विचारात घेण्याजोगी आहे. तिचे काम २००१ साली सुरू झाले. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ ‘आजोबा’ असा होतो, हा योगायोग नसून हेतुपुरस्सर साधलेला श्लेष आहे. ती फुकट मिळते. पण तिचे खरे वैशिष्ट्य ती मुक्त आहे हे होय. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तिकडे नित्य घोटाळा होतो. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. फुकट म्हणजे दाम पडत नाही. मुक्त म्हणजे ती कोणीही वापरावी, उतरवून दुसऱ्याला द्यावी, तिची आतील रचना तपासावी व सुधारावी, याची लेखी मुभा. घराण्याची माहिती आपल्याच संगणकात राहते. परक्या कंपनीच्या कोठारात ठेवून, वर्गणी थकली म्हणजे दाराबाहेर उभे राहण्याची पाळी येत नाही. ज्यांनी देवस्थानची दप्तरे कुलूपकिल्लीत सांभाळली त्यांना या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

या प्रणालीत प्रत्येक व्यक्तीस एक क्रमांक मिळतो. हे दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असलेल्या समाजात त्यावाचून निभाव लागत नाही. उदाहरणादाखल सर्वश्रुत असे कोसंबी घराणे घ्यावे. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दामोदर. धर्मानंदांचे पुत्र, गणिती आणि इतिहासकार (१९०७-१९६६), तेही दामोदरच. कागदावर ‘दामोदर कोसंबी’ एवढेच लिहिलेले असेल तर आजोबा कोणते आणि नातू कोणता हे शंभर वर्षांनी कोण सांगणार? संगणकाला क्रमांकामुळे हा प्रश्न पडत नाही.

याच घराण्याचे उदाहरण आणखी एका कारणासाठी बोलके आहे. गणिती दामोदरांना दोन कन्या. केवळ पुरुषांची शिडी उतरत येणाऱ्या कागदावर त्यांची शाखा १९०७ च्या जन्माशीच संपते आणि पुढे रेघ मारली जाते. वस्तुतः धर्मानंदांचे ‘निवेदन’ हे आत्मकथन इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवले ते त्यांच्या नातीने, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी (१९३९-२०१५) यांनी. ज्या कागदावर आजोबांचे नाव ठळक आहे, त्याच कागदावर त्यांचे शब्द जपणाऱ्या नातीला जागा नाही. अशा कागदाला अपुरा म्हणावे लागते.

ग्रॅम्प्समध्ये एक आकृती पंख्यासारखी निघते. मध्यभागी एक व्यक्ती; तिच्याभोवतीच्या कड्यात आईबाप, त्यापुढील कड्यात चार आजोबा-आजी, नंतर आठ, नंतर सोळा. प्रत्येक पिढीला संख्या दुप्पट होते. दहाव्या पिढीत १०२४ घरे होतात आणि दहा पिढ्यांची बेरीज २०४६ भरते. आता पेटीतील जुनी वंशावळ, दहा पिढ्यांची, अभिमानाने जपलेली, या पंख्यात भरून पाहावी. पंख्याची एक कडाच तेवढी भरते, दहा घरांची. बाकी २०३६ घरे कोरी राहतात. आतेमामे भावंडांच्या विवाहाची चाल जेथे होती तेथे एकच पूर्वज दोन घरांत येतो, म्हणून प्रत्यक्ष माणसे थोडी कमी असतील. तरीही हे चित्र पाहून मोठमोठ्या कुलाभिमान्यांनी क्षणभर स्तब्ध व्हावे अशीच परिस्थिती आहे. कागदावर कोरी जागा दिसत नाही, कारण तिथे चौकटच आखलेली नसते. संगणक चौकट आखतो आणि ती रिकामी ठेवतो.

मग या चौकटी भराव्यात कशा? येथे संगणकाचे काम संपते आणि माणसांचे सुरू होते. गोमंतकात एक साधन असे आहे की ज्याचा हेवा इतर प्रांतांतील संशोधकांनी करावा. पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या काळात, १९१४ पासून, सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह व मृत्यूंची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली. जन्माच्या पूर्ण नोंदीत मुलाचे नाव, आईबापांची नावे आणि त्याशिवाय दोन्हीकडच्या आजोबा-आजींची नावे लिहिण्याची पद्धत होती. म्हणजे एका नोंदीत सात माणसे, त्यांतील तीन निश्चित स्त्रिया. मात्र त्यासाठी संक्षिप्त दाखला उपयोगी पडत नाही. संपूर्ण नोंद उतरवून मागावी लागते, जिला कचेरीत आजही ‘तेओर’ म्हणतात. पुष्कळ लोक नेमका आखूड दाखला घेऊन समाधानाने घरी परततात.

१९१४ पूर्वीच्या स्त्रियांसाठी निराळ्या वाटा आहेत. सर्वांत जवळची वाट घरातच आहे. महालयाच्या वेळी पुरोहितांना द्यावयाची नावांची चिठ्ठी अनेक घरांतून जपलेली असते. श्राद्धात बाप, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचा उच्चार होतो, आणि आईच्या माहेरचे तीन पुरुषही सपत्नीक येतात. याचा अर्थ असा की धर्मविधीने ज्या स्त्रियांना दरवर्षी नावाने हाक मारली, त्यांनाच वंशावळीच्या लेखकाने वगळले. चिठ्ठीत सासरचे नाव सापडते, माहेरचे बहुधा नाही. ते नाव लग्नानंतर बदलले गेले आणि त्यासोबत माहेराचा धागा तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी आहेराच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका आणि मुख्य म्हणजे घरातील वृद्ध स्त्रियांची स्मृती कामी येते. ऐंशी-नव्वदीच्या आजीला तिच्या आजीचे माहेरचे नाव ठाऊक असते. तिला ते आजवर कोणी विचारलेले नसते. तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. हरिद्वार आदी क्षेत्रांतील अशा वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्र संस्थेने घेऊन ठेविली आहेत.

मिळालेले माहेरचे नाव कोठे लिहावे, हा प्रश्न प्रणालीने सोडविलेला आहे. एका व्यक्तीस हवी तितकी पर्यायी नावे देता येतात; माहेरचे एक, सासरचे दुसरे. हीच सोय पोर्तुगीज लेखनपद्धतीने झालेल्या गोंधळावरही चालते. शेणै हे ‘सिनाय’ झाले, प्रभू ‘पोरोब’ झाले, कामत ‘कामोतीं’ झाले. एकाच माणसाचे नाव मराठी कागदात एक आणि सरकारी दप्तरात दुसरे असे असते, आणि दोन्ही खरी असतात. देवनागरी लिपी प्रणालीस चालते. फक्त जुन्या स्मरणिकांसाठी तेव्हाच्या खासगी फाँटांत जुळविलेला मजकूर जसाच्या तसा चिकटविता येत नाही, तो युनिकोडमध्ये नव्याने टंकावा लागतो. छापण्यापूर्वी जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

शके आणि तिथी यांची अडचण मात्र खरी आहे. प्रणालीत ग्रेगोरियन, ज्यूलियन, हिब्रू, इस्लामी, फारसी, इतकेच नव्हे तर फ्रेंच क्रांतीचीही कालगणना आहे. शालिवाहन शक नाही. ‘शके १७९८’ एवढीच नोंद असेल तर ‘मार्च १८७६ ते मार्च १८७७ यांच्या दरम्यान’ असे लिहावे आणि मूळ शब्द टिपणात जसेच्या तसे ठेवावेत. अंदाजाने एखादी तारीख ठोकून देण्याचा मोह टाळावा. स्थळांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बरी आहे. स्थळाला स्थळाच्या पोटात ठेवता येते आणि ते कोणत्या काळी कोणाच्या पोटात होते हेही नोंदता येते. फोंडा तालुक्यात १९५० साली जन्मलेला माणूस पोर्तुगीज अमलात जन्मला, १९८० साली जन्मलेला संघप्रदेशात, १९८७ च्या मे महिन्यानंतरचा घटक राज्यात. आणि २०१५ च्या जानेवारीत तो तालुका उत्तरेतून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. गाव जागचे हलले नाही, पत्ता तीन वेळा बदलला.

दत्तकाविषयी दोन शब्द. जुन्या कागदांत दत्तक पुत्र दत्तक घराच्या शिडीवर चढतो आणि जनक घराच्या शिडीवरून नाहीसा होतो. कित्येकदा दत्तक असल्याचा उल्लेखही नसतो. ग्रॅम्प्समध्ये एकच मूल दोन कुटुंबांत दाखविता येते आणि प्रत्येक आईबापाशी असलेले त्याचे नाते, जन्माचे की दत्तकाचे, वेगवेगळे लिहिता येते. यात कोणाचा कमीपणा नाही.

सर्वांत महत्त्वाची चौकट मात्र आधाराची आहे. प्रत्येक माहितीसमोर ती कोठून मिळाली हे लिहिण्याची जागा आहे, आणि तो आधार कितपत भरवशाचा याच्या पाच पायऱ्या आहेत, अत्यंत कमी ते अत्यंत अधिक. पुष्कळ उत्साही तरुण ही जागा कोरी सोडतात, कारण ती भरल्याने चित्र अधिक सुंदर दिसत नाही. येथेच नुकसान होते. आज ऐकीव म्हणून लिहिलेले नाव स्मरणिकेत छापले गेले की तीस वर्षांनी कोणीतरी तीच स्मरणिका पुरावा म्हणून पुढे करतो. मुद्रणाने चूक पक्की होते. म्हणून ‘अमुक आजींनी अमुक साली तोंडी सांगितले’ असे प्रामाणिकपणे लिहिणे हे कोणत्याही रंगीत वृक्षापेक्षा मोलाचे. आणि संगणकातून निघालेला तक्ता महाजनकीचा निर्णय करीत नाही. तो निर्णय नियमावली व नोंदवहीच करते, हेही ध्यानी असावे.

छपाईविषयी एवढेच की दोनशे माणसांचा वृक्ष स्मरणिकेच्या पानावर मावत नाही. अक्षरे मुंग्यांएवढी होतात. वृक्ष उत्सवाच्या दिवशी मोठ्या फ्लेक्सवर लावावा, आणि स्मरणिकेत शाखावार वर्णनात्मक यादी द्यावी. तीही प्रणालीच तयार करून देते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा व स्त्रियांची माहेरची नावे मात्र छापू नयेत. आईचे माहेरचे नाव बँकांत ओळखीची खूण म्हणून विचारले जाते. ते चव्हाट्यावर मांडणे शहाणपणाचे नव्हे. हयात माणसांना वगळून अहवाल काढण्याची सोय प्रणालीत आहे, तिचा वापर करावा आणि ती नावे घरच्या प्रतीत ठेवावीत.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. निरनिराळ्या प्रणालींनी परस्परांची माहिती वाचावी म्हणून ‘गेडकॉम’ नावाचा एक नमुना १९८४ साली अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांच्या चर्चने सिद्ध केला. त्याची सातवी आवृत्ती २०२१ साली आली. ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या प्रतीबरोबर या नमुन्यातही एक प्रत काढून ठेवावी, म्हणजे उद्या प्रणाली बदलली तरी माहिती अडकून पडत नाही. मात्र दत्तकाचे किंवा आधारांचे बारकावे या स्थलांतरात कधी कधी गळतात, हे तपासून घ्यावे. घराण्यातील दोन वेगळ्या गावी राहणाऱ्या माणसांकडे एकेक प्रत असावी. हयात व्यक्ती वगळलेली एक छापील प्रत, आधारांच्या यादीसह आणि संकलकाच्या सहीतारखेनिशी, देवस्थानच्या दप्तरात महाजनांच्या नोंदवहीशेजारी ठेवण्यास समितीने परवानगी द्यावी, अशी विनंती या निमित्ताने तिच्यापुढे ठेवण्यात येत आहे.