शेपूट कापलेले विमान

१ फेब्रुवारी १९४३ रोजी अमेरिकेच्या ९७व्या बॉम्बर गटाची बी-१७ विमाने अल्जीरियातील बिस्क्रा तळावरून ट्युनिस बंदरावर हल्ल्यासाठी निघाली. बंदर जर्मनांच्या ताब्यात होते. बॉम्ब टाकून परतताना जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमाने चालून आली. त्यांतील एक शेवटपर्यंत वळले नाही. बहुधा त्याचा वैमानिक गोळ्या लागून आधीच गतप्राण झाला असावा. त्याची धडक केंड्रिक ब्रॅग चालवत असलेल्या ‘ऑल अमेरिकन’ विमानाच्या मागच्या भागाला बसली. शेपटीचा डावा आडवा पंख उखडून गेला आणि धड जवळजवळ आरपार कापले गेले.

तरीही विमान पडले नाही. बी-१७चे धड एखाद्या मधल्या तुळईवर तोललेले नसते. बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याखालच्या लांब पट्ट्या आणि आडवी कडी असे सारे मिळून भार वाटून घेतात. म्हणून जेवढा भाग शाबूत उरला, तेवढ्यावर शेपूट टिकली. ती हेलकावत असताना ब्रॅगने विमान तळापर्यंत आणून उतरवले. दहाही जण सुखरूप होते.

पुढे या उड्डाणाभोवती दंतकथा वाढली: विमान इंग्लंडला परतले, वाटेत अमेरिकन मस्टँग विमाने सोबतीला आली, वगैरे. तारखा आणि नकाशा समोर ठेवले की ती ढासळते. ९७वा गट इंग्लंडमधून १९४२च्या अखेरीस उत्तर आफ्रिकेत आला होता. गोंधळाचे मूळ कदाचित इथेच असेल. ट्युनिस ते बिस्क्रा अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. इंग्लंड त्याच्या तिपटीहून दूर. इंग्लंडमधून निघणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांना मस्टँगची सोबत मिळू लागली ती डिसेंबर १९४३मध्ये. अशी पडताळणी करू पाहणाऱ्यांसाठी अमेरिकन हवाई दलाच्या तुकड्यांचे युद्धकालीन अहवाल अलाबामातील मॅक्सवेल तळावर जतन केलेले आहेत. धडकेनंतर शेजारच्या विमानातून टिपलेले प्रसिद्ध छायाचित्रही आहेच. धडातली भेग त्यात स्पष्ट दिसते. एवढा भक्कम पुरावा असताना कल्पित मजकूर जोडणे हा ब्रॅग आणि त्याच्या सोबत्यांवर अन्यायच आहे. त्यांनी खरोखर दाखवलेले कसब त्याखाली झाकले जाते.

त्यांच्या ४१४व्या तुकडीने नंतर विमानाच्या शेपटीवर बसून प्रार्थना करणारे कुत्र्याचे पिल्लू आपल्या बोधचिन्हावर घेतले. ‘ऑल अमेरिकन’ दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले आणि मार्च १९४५मध्ये मोडीत काढले गेले.