‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्याआधी

(वसंत व्याख्यानमाला, र्युसेल्सहाइम)

मंडळी, थायरॉइड ग्रंथी कुठे असते, काय करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मी आलोय एकच सांगायला. भारतातून आलेली आई तेच तेच विचारू लागली, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होऊ नका. थायरॉइड मंदावल्यानंही असं होतं, म्हणून आधी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, बघा.

(पहिल्या रांगेतून : “आमच्याकडे सगळ्यांनाच थायरॉइड आहे!” हशा.)

छान! मग यंदाची तपासणी किती जणांनी केली?

इथून एस-बाननं फ्रँकफर्ट किती लांब? तिथल्या मनोरुग्णालयात 1901च्या नोव्हेंबरात आउगुस्टे डेटर दाखल झाल्या. वय 51. डॉ. आलॉइस अल्झायमर समोर बसून प्रश्न विचारत. नाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? तेही आउगुस्टे. दुपारी ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर होता. काय खाताय, तर म्हणाल्या, पालक. या प्रश्नोत्तरांचे कागद 1995 साली फ्रँकफर्टलाच सापडले. 1906मध्ये त्या गेल्या. मेंदूच्या पेशींत गुंते दिसले. तो आजार थायरॉइडचा नव्हता, हे मान्यच आहे.

पण त्या दाखल होण्याआधी दहा वर्षं, 1891 साली, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉइड थकलेल्या एका बाईंना मेंढीच्या त्याच ग्रंथीचा अर्क टोचला होता. त्या पुढे 28 वर्षं जगल्या. आणि 1949मध्ये लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी 14 रुग्ण मांडले : भास, संशय, वेडाचाच शिक्का. थायरॉइडच्या उपचारानं बहुतेक सुधारले.

मघाशी कुणी तरी म्हणालं, असे रुग्ण थोडेच. थोडेच आहेत. पण ज्याची आई त्या थोड्यांत आहे, त्याला विचारा! जर्मनीतली स्मृतिभ्रंशाची मार्गदर्शक तत्त्वंही ही तपासणी करा म्हणतात. यात उधळपट्टी कसली?

थायरॉइड मंदावल्याची चिन्हं अंगावरच असतात. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगा, पावलं मोकळी लोंबू देत. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटकन हलतं, पण परत जागेवर येताना रेंगाळतं. जोडीला घोगरा आवाज, कोरडी कातडी, बद्धकोष्ठ, रात्री हाताला मुंग्या. मुंग्यांना आपण ‘वात’ म्हणतो आणि तेल चोळत बसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. थायरॉइडला आयोडीन लागतं, म्हणून मिठाचं घाईनं सांगतो. भारतात खायच्या मिठात आयोडीन घालणं सक्तीचं आहे, इथे ऐच्छिक. गुलाबी सैंधवाची बरणी भरण्याआधी पाकिटावर आयोडीन लिहिलंय का, वाचा.

आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त देताना डॉक्टरांना सांगाच. मोठ्या डोसानं थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, कमी काम करणारी ग्रंथी ठीक किंवा जास्त काम करणारी भासू शकते. निदान दोन दिवस आधी त्या थांबवायच्या. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. विचारा आता, मागच्या बाकावरून हात वर आहे.