आईच्या अर्जातले मूल



 पुण्यात भरलेल्या या परिषदेच्या सभागृहात आज संरक्षण अधिकारी आहेत, बालकल्याण समित्यांचे सदस्य आहेत, वकील आणि समुपदेशक आहेत, महिला पोलीस कर्मचारी आहेत, शाळांतले शिक्षक आहेत. एकाच घरातल्या हिंसेशी या सगळ्यांचा संबंध येतो, पण प्रत्येकाचे कार्यालय वेगळे, फाइल वेगळी, कायदाही वेगळा. ही मंडळी दोन दिवस एका छताखाली बसणार आहेत, याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे.

स्वागताध्यक्षाने गावाविषयी चार शब्द बोलावेत अशी रीत आहे. या विषयावर बोलताना पुण्यात एकच नाव पुरेसे ठरते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवून जायचे हे त्यांनीच ठरवावे, अशी ती सोय होती. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला. तोच यशवंत, जो मोठेपणी डॉक्टर झाला. त्या घरात आईला आसरा देणे आणि मुलाचा जीव वाचवणे ही दोन वेगळी कामे नव्हती. एकीला दार उघडले की दुसऱ्यालाही उघडत होते. आजच्या कायद्यांत ही दोन दारे वेगवेगळी झाली आहेत. परिषदेपुढचा प्रश्न नेमका तोच आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. स्त्रीसंघटनांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. मारहाणीबरोबर शिवीगाळ, अपमान, पैसे अडवणे, घराबाहेर काढणे या साऱ्याला त्याने हिंसा म्हटले आणि स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. त्या कायद्याचे मोल जराही कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. त्याच कायद्यात मूल कुठे उभे आहे, एवढेच पाहायचे आहे.

मूल आहे, पण आईच्या पदराआड. कलम २ मध्ये मुलाची व्याख्या आहे: अठरा वर्षांखालील कोणीही, त्यात दत्तक आणि सावत्र मूलही आले. कलम २० खाली पोटगी मिळते ती स्त्रीला आणि तिच्या मुलांना. भावनिक छळाच्या व्याख्येत, स्त्रीला ज्या व्यक्तीविषयी आस्था आहे तिला इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्या येतात. मुलाला मारीन ही धमकी तिथे बसते. म्हणजे त्या धमकीने छळ होतो तो आईचा, अशी कायद्याची दृष्टी आहे. मूल स्वतः छळले गेले, असे त्या वाक्यात कुठेच म्हटलेले नाही.

मुलगी आणि मुलगा यांची स्थितीही सारखी नाही. दाद मागणारी ‘व्यथित व्यक्ती’ म्हणजे स्त्री, अशी व्याख्या असल्याने घरातली मुलगी त्यात येऊ शकते. कलम १८ खाली तर अशा मुलीच्या शाळेत जाण्यास गैरअर्जदाराला मनाई करता येते. तिच्या शेजारी झोपणाऱ्या, तेच आवाज ऐकणाऱ्या भावाला मात्र त्या व्याख्येत जागा नाही. त्याच्या वाट्याला जे येईल ते आईच्या अर्जातून येईल. भरीस भर म्हणून २०१६ साली मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘गैरअर्जदार’ या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले. छळ करणारी सासू किंवा नणंद सुटू नये यासाठी तो निकाल आवश्यकच होता. पण त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाविरुद्ध अर्ज होऊ शकतो, आणि तोच मुलगा स्वतः व्यथित ठरू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे दुसरे कलम मुलामुलींत लिंगावरून भेद नको म्हणते. या विसंगतीकडे संसदेने लक्ष द्यायलाच हवे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली आणि भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. आपला कायदा त्या मान्यतेनंतर तेरा वर्षांनी आला. संहितेचे तिसरे कलम मुलाचे हित हा प्राधान्याचा विचार मानते, बारावे मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क देते आणि एकोणिसावे आईवडिलांच्या किंवा पालकांच्या हातून होणाऱ्या शारीरिक-मानसिक हिंसेपासून संरक्षण देते. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने या एकोणिसाव्या कलमावर तेरावे सामान्य भाष्य प्रसिद्ध केले. घरातली हिंसा पाहावी-ऐकावी लागणे हीदेखील मुलावर होणारी मानसिक हिंसा आहे, हे त्यात नोंदवलेले आहे.

वैद्यकशास्त्राने ही गोष्ट त्याआधीच ओळखली होती. अमेरिकेत सॅन दिएगो इथे हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारून केलेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या प्रश्नांत आईला मार खाताना पाहिले का, हा प्रश्न होता. अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितका पुढच्या आयुष्यात व्यसन, नैराश्य आणि हृदयविकारासारख्या आजारांचा धोका जास्त, असे त्यातून दिसले. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा एकदा तरी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. या घरांतली मुले त्या आकड्यात नाहीत. पण दोन खोल्यांच्या घरात भिंतीपलीकडचे काही ऐकू येत नाही, असे होत नसते.

आता ताब्याचा प्रश्न. या विषयातला सगळ्यात नाजूक भाग तोच, म्हणून तिथे थोडे थांबावे लागेल.

कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात. वडिलांची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे वाटले तर ती नाकारावी, असे कलम स्पष्ट बजावते. शब्द चांगले आहेत. पण भेट बाधक आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, मुलाला विचारायचे की नाही, विचारायचे तर कोणी आणि कुठे, याबद्दल कलमात काही नाही. शिवाय हा ताबा तात्पुरता. कायमच्या ताब्याचा निवाडा कौटुंबिक न्यायालयात, १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम यांच्या आधारे होतो. एका न्यायालयात वडिलांना आईजवळ येण्यास मनाई आणि दुसऱ्या न्यायालयात दर रविवारी भेटीचा आदेश, ही परिस्थिती वकिलांना चांगली ठाऊक आहे. मुलाला नेण्या-आणण्याच्या निमित्ताने आईला त्याच माणसासमोर उभे राहावे लागते.

याची परिसीमा स्पेनमध्ये दिसली. एका आईने नवऱ्याच्या हिंसेविरुद्ध तीसहून अधिक तक्रारी केल्या होत्या. सुरुवातीला वडील-मुलीच्या भेटी देखरेखीखाली होत, पुढे न्यायालयाने देखरेख काढून टाकली. एप्रिल २००३ मध्ये अशाच एका भेटीत वडिलांनी सात वर्षांच्या मुलीला गोळी घालून ठार केले आणि स्वतःचाही जीव घेतला. देशातल्या न्यायालयांत आईला दाद मिळाली नाही. ती स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे गेली. समितीने २०१४ मध्ये स्पेनला दोषी ठरवले. घरातल्या हिंसेचा इतिहास न बघता, बाप आहे म्हणून भेट द्यायचीच, असा सरधोपट निर्णय घेऊन मुलीचे हित डावलले गेले, असा तो निष्कर्ष होता. २०१८ साली स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने समितीचा निर्णय बंधनकारक मानून आईला भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२१ मध्ये तिथल्या दिवाणी कायद्यात बदल झाला. एका मुलीच्या मृत्यूपासून कायदा बदलेपर्यंत अठरा वर्षे गेली. भारताने तेवढी वाट पाहू नये.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेचे पाऊल २००८ सालीच टाकले होते. आईच्या मृत्यूनंतर वडिलांवर तिच्या मृत्यूचा आणि छळाचा खटला चालू होता. तरी खालच्या न्यायालयांनी आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा वडिलांच्या हवाली करण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वडिलांवरचा खटला आणि मुलाची स्वतःची इच्छा, दोन्ही गोष्टी विचारात घ्यायला हव्या होत्या, असे न्यायालयाने म्हटले. निकाल आहे, ताबा ठरवताना हिंसेचा विचार बंधनकारक करणारे कलम मात्र कायद्यात अजून नाही.

इतर देशांनी काय केले, याचे नमुने समोर आहेत. न्यूझीलंडने १९९५ च्या कायद्यातच, मुलाला हिंसा पाहू-ऐकू देणे हा मुलाचाच मानसिक छळ ठरवला. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या कायद्याने हिंसा पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या किंवा तिचे परिणाम भोगणाऱ्या मुलाला स्वतंत्र पीडित मानले. युरोपच्या २०११ च्या इस्तंबूल कराराने ताबा आणि भेटीचे आदेश देताना हिंसेच्या घटना लक्षात घेणे राष्ट्रांवर बंधनकारक केले. शेजारच्या नेपाळने २०१८ च्या बालककायद्याने घरातही मुलांना मारण्यास बंदी घातली. दक्षिण आशियात हे पाऊल उचलणारा तो पहिला देश. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली, घरातली अजून कायद्याने बंद झालेली नाही.

मात्र नक्कल करताना एक धोका ओळखायला हवा, आणि स्त्रीसंघटनांची त्याबद्दलची भीती रास्त आहे. मुलाने हिंसा पाहिली म्हणजे आईने त्याचे संरक्षण केले नाही, असा अर्थ लावला गेला तर? न्यूयॉर्क शहरात नेमके तसे घडत होते. मार खाणाऱ्या आयांवरच मुलांची हेळसांड केल्याचा ठपका ठेवून मुले काढून घेतली जात. २००२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, केवळ मुलाने हिंसा पाहिली म्हणून आईला दोषी धरता येणार नाही, असे सांगितले. न्यूझीलंडने ही काळजी कायद्यातच घेतली आहे: जिच्यावर हिंसा झाली, तिने ती मुलाला पाहू दिली असे मानले जाणार नाही. आपल्या कायद्यात दुरुस्ती करताना हे वाक्य घातले नाही तर ती दुरुस्ती न झालेली बरी. नाहीतर मूल हिरावले जाईल या भीतीने बायका पोलीस ठाण्याची पायरीच चढणार नाहीत, आणि आई गप्प बसली की मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही.

महाराष्ट्राकडे या कामाची शिदोरी आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने सुरू केलेल्या कक्षाचे नावच ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीच्या ‘दिलासा’ केंद्राची सुरुवात वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली, तिथे जखमेवर पट्टी बांधतानाच जखम कशी झाली हे विचारण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी देशभर स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे आदेश दिले. ताब्याच्या प्रकरणातल्या मुलाशी बोलायला त्याहून चांगली जागा कोणती? भरलेल्या कोर्टात, आई एका बाकावर आणि बाप दुसऱ्यावर, अशा वेळी आठ वर्षांच्या मुलाला ‘तुला कोणाकडे राहायचे?’ असे विचारणे म्हणजे संहितेचे बारावे कलम पाळणे नाही.

दुसरीकडे व्यवस्थेवरचा भार मोठा आहे. अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कौटुंबिक हिंसाचार कायदा सांगतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार देशात या कायद्याखालची ४ लाख ७१ हजारांहून अधिक प्रकरणे प्रलंबित होती. कित्येक ठिकाणी या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचे पद हा दुसऱ्या कुठल्या तरी पदाचा अतिरिक्त कार्यभार असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचे निर्देश पुन्हा द्यावे लागले. मोठ्या माणसांच्या दोन-चार वर्षांच्या तारखा म्हणजे लहान मुलाचे अख्खे बालपण असते.

या सगळ्यात एक दुरुस्ती अशी आहे की तिला फारसा खर्च नाही. संरक्षण अधिकारी घटना अहवाल लिहितो तेव्हा त्यात मुलांची नावे, वये आणि ती सध्या कोणाकडे आहेत, हे भरावे लागते. माहिती घेतली जाते. कलम ९ प्रमाणे तो अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, त्याच्या प्रती पोलीस ठाण्याकडे आणि सेवा पुरवणाऱ्या संस्थांकडे जातात. बालकल्याण समितीचे नाव त्या यादीत नाही. बालन्याय अधिनियम २०१५ प्रमाणे सोबत राहणाऱ्या माणसाकडून इजा किंवा छळ झालेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आहे. ते त्या समितीचेच काम आहे. पण समितीला कळणार कसे? कोणीतरी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केला तर. घटना अहवालाची प्रत समितीकडेही गेली, आणि आईच्या संमतीने व तिच्यावर ठपका न ठेवता समितीचा समुपदेशक मुलाला भेटू लागला, तर मुलगा-मुलगी हा भेदही पुष्कळसा आपोआप मिटेल.

प्रतिनिधींनी पुढच्या दोन दिवसांत मोकळेपणाने वाद घालावेत, ठरावांच्या मसुद्यातल्या उणिवा दाखवाव्यात. समारोपाच्या सत्रात हे ठराव मांडले जातील. घटना अहवालाची प्रत बालकल्याण समितीला मिळावी, ताबा व भेटीच्या प्रत्येक आदेशापूर्वी मुलाचे म्हणणे योग्य जागी आणि योग्य माणसाने ऐकावे, आणि हिंसा सोसणाऱ्या आईला त्या हिंसेसाठी जबाबदार धरले जाऊ नये, या तीन मागण्या तरी इथून एकमताने राज्य शासनाकडे आणि संसदेकडे जाव्यात, अशी स्वागत समितीची आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.