सल्लागार मंडळाचें काम
(चिरनेर येथें भरलेल्या समितीच्या वार्षिक सभेंतील भाषण)



चिटणिसांनीं अहवाल वाचला, खजिनदारांनीं हिशेब मांडला. आतां सल्लागार मंडळाच्या वतीनें चार शब्द बोलण्याचें काम मजकडे आलें आहे. सल्लागार म्हणजे पत्राच्या माथ्यावर ज्यांचीं नांवें छापतात व वर्षांतून एकदां ज्यांस हार घालतात ते लोक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि खरें बोलावयाचें तर ती आम्हीं सल्लागारांनींच वाढविली आहे. समितीनें धान्य आणावें, स्वयंसेवकांनीं तें वांटावें आणि आम्हीं "उत्तम" म्हणावें, एवढ्यासाठीं मंडळ कशाला पाहिजे? देणगीदारास जें ऐकावयास आवडत नाहीं, तें पैसा खर्च होण्यापूर्वीं त्याच्या कानीं घालणें, हें माझ्या मतें आमचें खरें काम होय.

पुण्याच्या सार्वजनिक सभेनें हें करून दाखविलें. १८७० सालीं स्थापन झालेल्या त्या सभेचा उघड कारभार गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, पाहत. रानडे सरकारी नोकर असल्यामुळें मागें राहून सल्ला देत. १८७६ चा दुष्काळ पडला तेव्हां सभेनें वर्गणीच्या याद्यांवर समाधान मानलें नाहीं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, भावांची व सरकारी कामांवरील मजुरीची माहिती मागवून ती सरकारपुढें पुनःपुन्हा मांडली. १८७७ च्या आरंभीं हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसा इतकी खालीं आणली, आणि उपाशी माणसांनीं कामें सोडलीं. अशा वेळीं "मजूर आळशी आहेत" असें म्हणणें फार सोपें होतें. सभेनें मजुरांची बाजू घेतली. इतक्या अन्नावर दिवसभर माती उपसणारें शरीर टिकत नाहीं, हें तिनें लिहून कळविलें.

पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर दुष्काळाचे नियम झाले. पण नियम इंग्रजींत आणि भूक मराठींत! १८९६ सालीं पुन्हा दुष्काळ आला तेव्हां टिळकांनीं केसरींतून, व सभेनें पत्रकांतून व सभांतून, हे नियम शेतकऱ्यांस समजावून सांगितले: पीक बुडालें तर सारा तहकूब मागण्याचा तुम्हांस अधिकार आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतही सभेचे लोक हिंडले. याचें बक्षीस म्हणून १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. धान्याचीं पोतीं वांटणाऱ्याची मान्यता कोणी काढून घेत नाहीं, हें येथें लक्षांत ठेवावें.

आतां आपल्या चिरनेराकडे येतों. २५ सप्टेंबर १९३० रोजीं अक्कादेवीच्या डोंगरावर जें घडलें तें येथील पोरासोरांसही पाठ आहे. गोळीबारांत आठ सत्याग्रही पडले; नाग्या कातकरी त्यांतलाच. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशीं प्राणास मुकले. दरवर्षी आपण हुतात्म्यांस मानवंदना देतों. पण ते लोक डोंगरावर कां गेले? राबासाठीं टाळ तोडावयाचा नाहीं, तर भाताचें रोप कसें उगवावें? मोळी आणावयाची नाहीं, तर चूल कशी पेटावी? खैराचा कात काढून ज्यांनीं पोट भरलें आणि ज्यांस त्यावरूनच कातकरी हें नांव पडलें, त्यांस जंगलच्या कायद्यांनीं खैर बंद केला. त्या घरांतील भूक पावसानें आणली नव्हती; ती कायद्यानें आणली होती. म्हणून तेथें धान्याइतकीच वकिलाची गरज पडली, आणि पुढील खटल्यांत आरोपींच्या बाजूनें डॉ. भीमराव आंबेडकर उभे राहिले. चरीच्या कुळांनीं २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला व तो १९३९ पर्यंत पाळला. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. पण त्यांच्या गाऱ्हाण्याचें विधेयक करून तें १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत नेणारे पुन्हा डॉ. आंबेडकरच. येथें जमीनदार मंडळी बसली आहेत म्हणून मीं हें वगळलें नाहीं.

एक आमच्या चुकीची गोष्ट सांगतों. मागें अशाच एका समितींत मी होतों. आम्हीं वैशाखांत धान्य वांटलें. यादी शिधापत्रिकांवरून केली, वांटप शिस्तीनें झालें, छायाचित्रें निघालीं. चार दिवसांनीं एका कातकरी वाडीवर गेलों, तों बहुतेक घरें बंद. माणसें वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेलीं. एक म्हातारी पडवींत बसली होती. "आजी, धान्य मिळालें का?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "आमचा कारड नाय, दादा. आनी आता देऊन काय? पावसात द्या. तवा मुकादमाची उचल घ्यावी लागते."

तिच्या त्या बोलण्यांत आमच्या मंडळाच्या सर्व ठरावांहून अधिक शहाणपण होतें. लावणी संपली कीं श्रावण-भाद्रपदांत हाताला काम नसतें. घरांत दाणा नसतो. मुकादम येतो, उचल देतो, आणि दिवाळीनंतर सबंध कुटुंब, लेंकरांसह, भट्टीवर जातें. मजुरींतून उचल फिटते तेव्हां फिटते. राहिली तर पुढल्या पावसाच्या उचलींत मिळते. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार नाहींशी केली आहे, परंतु पोत्याभर तांदळासाठीं घेतलेल्या उचलीपुढें तो कायदा वाडीपर्यंत चालत येत नाहीं. त्याच धान्यानें भाद्रपदांत उचल टळली असती. वैशाखांत त्यानें फक्त आमचें मन भरलें.

या सभेंत वीटभट्टीचे मालकही आहेत, व त्यांच्या देणग्या अहवालाच्या पहिल्या पानावर आहेत. त्यांस माझें सांगणें इतकेंच कीं, उचलीचा हिशेब मजुराच्या हातीं लिहून द्या. ती देणगी आम्ही वेगळ्या रकान्यांत छापूं.

मंडळाच्या सूचना अशा. धान्य ज्येष्ठ संपण्यापूर्वीं गुदामांत यावें आणि लावणीनंतर वाडीवर जाऊन वांटलें जावें. यादी शिधापत्रिकेवरून न करतां घरोघर फिरून करावी. ज्यांस शिधापत्रिका नाहीं त्यांस धान्य देऊन सोडूं नये. आदिम जमातींच्या कुटुंबांस अंत्योदय शिधापत्रिका द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००३ सालचा आहे, आणि वनहक्काचा कायदा २००६ सालचा. दोहोंचीं सोप्या मराठींत पत्रकें काढावीं, व ज्यास वाचतां येत नाहीं त्यास बसून वाचून दाखवावीं. यास पैसा थोडा लागतो, वेळ फार लागतो. तरुण वकील मंडळींनीं महिन्यांतून एक रविवार द्यावा.

शेवटची सूचना कांहीं सभासदांस रुचलेली नाहीं, हें मला ठाऊक आहे. सल्लागार मंडळांत वाडीवरचीं दोन माणसें घ्यावीं, त्यांतली एक स्त्री असावी. त्यांनीं एखाद्या ठरावास हरकत घेतली तर ती त्यांच्याच शब्दांत अहवालांत छापावी. आणि श्रावणांतली बैठक या सभामंडपांत न भरवितां वाडीवर भरवावी. त्या वेळीं तेथें चिखल असतो. आमच्यांतले दोघेतिघे वयोवृद्ध आहेत, त्यांस आम्ही धरून नेऊं.

वर्गणीची वही खजिनदारांपाशीं दाराच्या उजव्या अंगास आहे. रोख, तांदूळ, नाचणी, गुदामाची जागा अथवा गाडी, जें देणें असेल तें लिहावें आणि पावती घेतल्याशिवाय कोणी जाऊं नये.