ताटीच्या अभंगाचे पालुपद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कवितेवर बोलायला माझ्यापेक्षा शिकलेल्या बायका आपल्या मंडळात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वीस वर्षे भजनात टाळ धरते आहे, तेव्हा जे कानाला कळले तेवढेच सांगते.

मागे एका भजन स्पर्धेत आपण मुक्ताबाईचे ताटीचे अभंग म्हटले. परीक्षकांनी सांगितले, “पालुपद इतक्या वेळा नको, वेळ जातो, ऐकणारा कंटाळतो.” तेव्हापासून आपल्यातही दोन पक्ष झाले आहेत. मी पालुपदाच्या बाजूची आहे, आणि का ते आज सांगायचे आहे.

प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. लोकांनी दुखावलेले ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी, म्हणजे कुडाचे दार, लावून घेतले, असे परंपरा सांगते. बाहेर धाकटी बहीण उभी. ती एकेका कडव्यात नवी समजूत घालते. एकदा संताचे लक्षण सांगते, एकदा राग सोडायला सांगते, एकदा माझ्यावर दया करा म्हणते. शेवटी मात्र दर वेळी तेच, दार उघडा. नाव घेते, पण धाकटी असल्यामुळे बोलते आदरानेच.

आता अक्षरे बोटांवर मोजून पाहा. जोडाक्षर एकच धरायचे. चरण बहुतेक आठ आठ अक्षरांचे, छोटी छोटी पावले टाकल्यासारखे. पालुपदात मात्र भावाचे नाव येते आणि नऊ अक्षरे होतात. म्हणून तिथे आवाज जरा रेटावा लागतो. शिवाय पालुपदाच्या आधीचा चरण बहुतेक ठिकाणी ‘रा’वर संपतो. तो ‘रा’ कानावर पडला की आता भावाचे नाव येणार हे ऐकणारीला आधीच कळते. कितीही शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या तरी तिचे मन त्या दाराशीच आहे, हे यमक सांगते; तिला ते वेगळे बोलावे लागत नाही. जग अग्नी झाले तर संताने पाणी व्हावे, असे ती एके ठिकाणी म्हणते. तिथेही अग्नीचा शब्द आणि पाण्याचा शब्द यमकाने समोरासमोर बसवले आहेत. एक ऐकला की दुसरा आलाच.

आमच्या घरी धाकटे भाऊजी नोकरी गेल्यावर तीन दिवस खोलीत कडी लावून बसले होते. सगळ्यांनी दाराबाहेरून उपदेश केला. सासूबाई मात्र ताट घेऊन उभ्या राहायच्या आणि एवढेच म्हणायच्या, “अरे, दोन घास खाऊन घे.” सकाळी तेच, रात्री तेच. शब्द बदलले नाहीत, आवाज मात्र दर वेळी निराळा. चौथ्या दिवशी कडी निघाली. एकदाच सांगून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या असत्या, तर त्याला विनवणी कोण म्हणाले असते? पालुपद म्हणजे दारावरची थाप आहे. ती गाळली की उपदेश तेवढा उरतो, आणि तो तर भाऊजींना सगळेच करीत होते.

मोठ्या अभंगाचे निराळे आहे. त्यात सहा, सहा, सहा आणि शेवटी चारच अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते आणि चौथा आखूड चरण एकटाच राहतो. चालता चालता उंबऱ्याशी थबकावे तसे तिथे होते. आपण मात्र ती जागा रिकामी वाटते म्हणून ‘हो’, ‘देवा’, ‘माझ्या’ असे काहीबाही कोंबतो. जात्यावरच्या ओवीत ‘गं बाई’ येते ती गोष्ट वेगळी. तिथे खुंटा ओढताना हाताबरोबर आवाजही लांबतो, तो दम त्या शब्दांत भरतो. (छापताना हे शब्द पुष्कळदा गाळतात. मग ओवी वाचायला ठीक वाटते, पण गळ्यात बसत नाही.) अभंगातले ते चार अक्षरांचे चरण मोकळेच ठेवावेत.

येत्या एकादशीला आपण ताटीचे अभंग पुन्हा घेणार आहोत. स्पर्धा नाही, घड्याळही नाही. पेटीवर बसणाऱ्या वहिनींना एवढीच विनंती, की पालुपद आले की लय वाढवू नका. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून, मग एकटीने, आणि शेवटचे अगदी हळू, टाळ थांबवून म्हणू या.