कपाट क्रमांक सात



शताब्दीनिमित्त मी चार शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ह्या वास्तूशी माझे नाते एका कुलूपबंद कपाटामुळे जडले आहे.

१९८२ साली, मी बारा वर्षांचा असताना, वडील मला सभासद करण्यासाठी येथे घेऊन आले. अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागत. आमचे आडनाव मराठी, माझे नाव बायबलातले. ते वाचून मेजापाशी बसलेल्या गृहस्थांनी सहज विचारले, "तुम्हां लोकांचे मिशनचे वाचनालय असेल ना?" विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच कदाचित ते अधिक लागले. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेजारचे निवृत्त गुरुजी आपण होऊन आले, त्यांनी सही केली आणि दुसरीही मिळवून दिली. पत्रक हाती आल्यावर वडील एवढेच म्हणाले, "जपून ठेव."

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगावच्या मराठी माणसाला 'आपण कुठले?' हा प्रश्न नवा राहिला नाही. आम्हांला तो दोनदा सोडवावा लागे, इतकेच.

घरात मात्र हा प्रश्न कोणाला पडत नसे. आजी नऊवारी नेसे. पहाटे चूल पेटविण्यापूर्वी ती मराठी बायबल उघडी. चष्म्याची तुटकी काडी दोऱ्याने बांधलेली असे. तांदूळ निवडताना ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे गुणगुणे. शेजारच्या घरी हरिपाठ चाले. दोन्हींची लय इतकी जवळची, की लहानपणी मला ती एकाच भजनाची दोन कडवी वाटत. नाताळात आमच्या करंज्यांचे ताट गुरुजींकडे जाई, दिवाळीत तेच ताट भरून परत येई. जेवणापूर्वी डोळे मिटून प्रार्थना होई, आणि भाजी करपली की त्याच तोंडातून "अगं बाई!" निघे.

तर ते कपाट. क्रमांक सात. वर पाटी होती 'ख्रिस्ती वाङ्मय', आणि किल्ली ग्रंथपालांच्या कमरेला. मी दहावीत असताना त्यांनीच एके दिवशी ते उघडून 'स्मृतिचित्रे' माझ्या हाती दिले. घरी मी ते आजीला वाचून दाखवू लागलो. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यापायी मीठ अन् साखरसुद्धा धुववीत, हे ऐकून आजी इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. पुढे तोच पदर निराळ्या कारणाने लागला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उसवला. पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने त्यांनी वर्षे काढली. परत आल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. आजीने मध्येच थांबवून विचारले, "मग पाणी कोणाचे पीत होती रे ती?"

एम. ए. ला ह्या ग्रंथावर मी पुष्कळ समीक्षा वाचली. आजीच्या प्रश्नाइतकी नेमकी एकही नव्हती. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा खरा निवाडा झाला तो पाण्याच्या भांड्यापाशी. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला असणे शक्य नाही, हे त्यांच्या मनाने आधी घेतले, हाताने मग पाळले, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरची ही लेक पुढे कोणाच्याही पंक्तीला बसली, पोरक्या मुलांना पोटाशी धरून राहिली. अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहत. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या मायेत काही उणे पडले नाही. धर्म बदलला, पण भाषेची ठेवण, विनोद, नातीगोती ह्यांतले त्यांनी काहीच टाकले नाही. आपल्या घराला नाव काय द्यावे हे मला त्या पुस्तकाने सांगितले. ते घर होते. त्याला निराळे नाव नको होते.

अलीकडे मी नव्या सूचीत पाहिले. 'स्मृतिचित्रे' आता 'आत्मचरित्रे' ह्या विभागात आली आहेत, आणि कपाटाचे कुलूप तर केव्हाच गेले. त्याबद्दल मी ऋणी आहे. पण एक पुस्तक अजून सातव्या कपाटात आहे, तेही 'धर्म' ह्या शिक्क्यानिशी. ते म्हणजे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन'. १८५७ सालची ही कादंबरी. मराठीतील पहिली म्हणून तिचे नाव घेतले जाते. पतीसमवेत प्रवासाला निघालेली यमुना वाटेत विधवांची दुःखे पाहते, आणि पुढे ती स्वतःच विधवा होते. ग्रंथकाराचा ख्रिस्ती प्रचार तीत उघड दिसतो, तो मी लपविणार नाही. कादंबरी म्हणून ती अनेक ठिकाणी शिथिल आहे हेही खरे. पण विधवेचे दुःख कथारूपाने मांडण्यासाठी मराठीत ज्याने पहिल्यांदा लेखणी उचलली, तो ह्याच गावचा होता. बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावचा, आणि १८५४ साली बाप्तिस्माही येथेच झाला. माझे विद्यार्थी परीक्षेत कादंबरीचे साल अचूक लिहितात. ग्रंथकाराचे गाव विचारले की पुणे, मुंबई, नगर अशी उत्तरे येतात.

ग्रंथपालमहाशय समोरच बसले आहेत, म्हणून भाषण येथेच थांबवून त्यांना विनंती करतो. ती प्रत उद्या कादंबऱ्यांच्या मांडणीवर ठेवावी. तिची शिवण सैल झाली आहे. बांधणीचा खर्च मी देईन.